औलूचे विद्यापीठ आणि युरोपची सामायिक प्रयोगशाळा

फिनलंडच्या उत्तर भागात, बोथनियाच्या आखातावर वसलेले औलू हे शहर एकोणिसाव्या शतकात डांबरासाठी प्रसिद्ध होते. आतल्या अरण्यांतील पाइन वृक्षांपासून काढलेले डांबर पिंपांत भरून नदीमार्गे या बंदरात येई, आणि शिडाच्या लाकडी जहाजांना त्याचा लेप दिला जाई. पुढे जहाजे लोखंडाची झाली व हा व्यापार बसला. एकाच मालावर जगणाऱ्या गावाची काय गत होते, हे औलूला तेव्हा कळले. तशीच वेळ २०१४ साली पुन्हा आली. फरक इतकाच की, या खेपेस गावात एक विद्यापीठ होते.

हे विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. राजधानी हेलसिंकीपासून सुमारे ६०० किलोमीटर दूर, उत्तर ध्रुववृत्ताच्या अलीकडे, विरळ वस्तीच्या मुलखात विद्यापीठ काढणे हा हिशेबी अर्थशास्त्राला न पटणारा निर्णय होता. परंतु उत्तरेकडील तरुण दक्षिणेत नाही तर स्वीडनमध्ये कामाच्या शोधात जात होते, आणि त्यांना थोपवून धरण्यासाठी कारखान्याआधी शिक्षण हवे, असा विचार प्रभावी ठरला. सत्तरच्या दशकात नोकियाच्या इलेक्ट्रॉनिक्स व्यवसायाने औलूत पाय रोवले. १९८२ साली नॉर्डिक देशांतील पहिले तंत्रविज्ञान ग्राम येथेच उभे राहिले. बिनतारी संदेशवहनाची विद्या औलूत रुजली ती अशी, विद्यापीठ आणि कारखाना यांच्यातील रोजच्या येण्याजाण्यातून.

याच सुमारास युरोपात सहकार्याचे वारे वाहू लागले होते. प्रत्येक देशाची दूरध्वनी यंत्रणा निराळी असल्याने सीमा ओलांडताच फिरता दूरध्वनी निरुपयोगी होई. यावर तोडगा काढण्यासाठी १९८२ साली युरोपीय टपाल व तार प्रशासनांनी एक समिती नेमली. १९८७ मध्ये १३ देशांतील दूरध्वनी चालकांनी करार केला आणि त्यातून जीएसएम ही सामायिक पद्धत जन्मली. त्या पद्धतीवरील पहिला व्यापारी संवाद १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्येच झाला. नोकियाने उभारलेल्या जाळ्यावरून माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी बोलले. एकाच प्रमाणावर सर्वांनी सहमत व्हावयाचे आणि मग बाजारात एकमेकांशी लढावयाचे, हा धडा युरोपने त्यातून घेतला.

संशोधनाच्या बाबतीतही तोच मार्ग पत्करला गेला. युरोपीय समुदायाचा पहिला चौकट कार्यक्रम १९८४ साली सुरू झाला. फिनलंड तेव्हा समुदायाबाहेर होता. तो युरोपीय संघाचा सदस्य झाला १९९५ मध्ये, आणि त्याच वर्षी औलू विद्यापीठात बिनतारी संदेशवहनाचे स्वतंत्र संशोधन केंद्र निघाले. या कार्यक्रमांचा साधारण नियम असा की, प्रकल्पात किमान तीन निरनिराळ्या देशांतील तीन स्वतंत्र संस्था हव्यात. अलीकडच्या कार्यक्रमांत विद्यापीठांना प्रत्यक्ष खर्चाची पूर्ण भरपाई मिळते, शिवाय वरखर्चापोटी २५ टक्के. नोकिया आणि एरिक्सन हे हाडाचे प्रतिस्पर्धी अशा प्रकल्पांत एका मेजाशी बसतात. हे विचित्र भासते, पण त्याचे उत्तर केनेथ अॅरो यांनी १९६२ सालीच देऊन ठेवले आहे : ज्ञानाचा लाभ शोधकर्त्यापुरता राखून ठेवता येत नाही, म्हणून एकटी कंपनी समाजाला हवे तितके संशोधन करीत नाही. खर्च वाटून घेतला तर ही उणीव काही अंशी भरते. मात्र त्यासाठी जिच्यापाशी कोणाचाही बाजारी स्वार्थ नाही अशी मधली जागा लागते. विद्यापीठ ती पुरवते.

या जागेची खरी किंमत संकटात कळली. नोकियाचा भ्रमणध्वनी व्यवसाय मायक्रोसॉफ्टने ५४४ कोटी युरोंना विकत घेतला. सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर झालेला हा व्यवहार एप्रिल २०१४ मध्ये पुरा झाला, आणि अवघ्या तीन महिन्यांत औलूतील विकास केंद्र बंद करण्याचे ठरले. त्याच वर्षी ब्रॉडकॉम या अमेरिकी कंपनीनेही तेथील गाशा गुंडाळला. एका मध्यम शहरात शेकडो अनुभवी अभियंते एकदम रिकामे झाले. नोकियाचा दूरसंचार जाळ्यांचा विभाग शिल्लक होता हे खरे. पण कंपनीच्या मर्जीवर न चालणाऱ्या विद्यापीठातील प्रयोगशाळाही शिल्लक होत्या, आणि युरोपीय प्रकल्पांच्या कित्येक वर्षांच्या करारांनी त्या चालू राहिल्या. येथे एका विसंगतीची नोंद करावयास हवी. २०१५ मध्ये सत्तेवर आलेले पंतप्रधान युहा सिपिला हे याच विद्यापीठाचे पदवीधर अभियंते आणि दूरसंचार व्यवसायात धनवान झालेले गृहस्थ. त्यांच्याच सरकारने विद्यापीठांच्या व संशोधनाच्या निधीला मोठी कात्री लावली!

तरीही २०१८ साली ‘सिक्स-जी’ म्हणजे सहाव्या पिढीच्या संदेशवहनाचा राष्ट्रीय कार्यक्रम औलूकडे सोपवण्यात आला. मुदत २०२६ पर्यंतची. मार्च २०१९ मध्ये या विषयावरील पहिली जागतिक परिषद विद्यापीठाने लॅपलंडमधील लेवी येथे भरवली, तेव्हा पाचवी पिढीसुद्धा जगात बहुतेक ठिकाणी पोहोचली नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये ‘हेक्सा-एक्स’ हा युरोपीय प्रकल्प नोकियाच्या नेतृत्वाखाली २५ भागीदारांनिशी सुरू झाला. त्याच्या २०२३ मधील उत्तरार्धात भागीदार ४४ झाले. दोहोंत औलू विद्यापीठ होते.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. या करारांनुसार शोध ज्याने लावला त्याची त्यावर मालकी असते. मोठ्या कंपन्यांपाशी पेटंट-वकिलांची फौज असते. विद्यापीठापाशी ती नसते. करदात्याच्या पैशातून झालेले संशोधन परवानाशुल्काच्या रूपाने खासगी तिजोरीत जावे, यात न्याय कितपत, हा प्रश्न रास्तच आहे. अहवाल लिहिता लिहिता प्राध्यापकाचे मूलभूत चिंतन मागे पडते, हेही खोटे नव्हे. पण औलूच्या हिशेबात पेटंट ही एकच बाब धरणे चुकीचे ठरेल. प्रकल्प संपतो, कंपनी जाते, आणि त्या कामावर तयार झालेला संशोधक विद्यार्थी गावात उरतो. त्याला नेमणारी पुढची कंपनी त्याच्यामागेच येते. २०२५ साली नोकियाने औलूत रेडिओ संशोधन व उत्पादनाचा नवा परिसर सुरू केला. तेथे सुमारे ३,००० माणसे काम करतात.