देवांच्या खेळाचा सूत्रधार

समुद्राचा देव आणि युद्धाची देवी यांचें वैर जुंपलें आहे. देवाच्या पक्षास एक नाविक वीर आहे, देवीच्या पक्षास एक राजकन्या. देवाची भूमिका करणारे गृहस्थ पुण्यास बसले आहेत, देवी लंडनमध्यें आहे, नाविक टोरोंटोस आहे आणि राजकन्या सिंगापुरास. चौघांनीं एकमेकांस कधीं पाहिलेलें नाहीं. तरी रोज रात्रीं प्रत्येकजण आपल्या पात्राचें बोलणें व करणें लिहून इंटरनेटवरून पाठवितो, आणि त्यांतून एक कथा पुढें सरकते. अशी कल्पना केली म्हणजे ज्यास 'रोल-प्लेइंग गेम' अथवा भूमिकांचा खेळ म्हणतात, त्याच्या एका प्रकाराचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहील.

ह्या खेळास नाटकाप्रमाणें पात्रें आहेत, पण लिहून ठेवलेली संहिता नाहीं. बुद्धिबळाप्रमाणें चढाओढ आहे, पण पट नाहीं. आणि शेवटीं कोण जिंकला हेंही पुष्कळदां सांगतां येत नाहीं. मग तो चालतो कशाच्या आधारावर? त्याचा आधार एकच, आणि तो म्हणजे खेळाचा चालक. आपल्या रंगभूमीवरचा शब्द वापरावयाचा तर सूत्रधार.

हा सूत्रधार कांहीं आजचा नव्हे. प्रशियाच्या सैन्यांतील रायस्विट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ सालीं नकाशावरील युद्धाचा एक खेळ सिद्ध केला. त्यांत दोन्ही पक्ष आपल्या आज्ञा लिहून पंचाच्या हातीं देत. पंच त्या ताडून पाही, फांसे टाकी, आणि रणांगणावर ज्यास जेवढें दिसलें असतें तेवढेंच त्यास सांगे. पुढें १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत सेनेच्या ऐवजीं एकेक वीर आला, आणि पंचाच्या जागीं कथा चालविणारा सूत्रधार आला. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें संगणकावर अनेकांनीं मिळून खेळावयाचा 'मड' हा खेळ रचण्यास आरंभ केला, व रिचर्ड बार्टल यानें तो पुढें नेला. तेव्हांपासून खेळाडूंनीं एका टेबलाभोंवतीं बसण्याचें कारण उरलें नाहीं.

वीरांचा खेळ चालविणें अवघड खरें. परंतु त्यांत देव आले म्हणजे अडचण दसपट वाढते. देव म्हटला कीं तो सर्वशक्तिमान. आणि दोन सर्वशक्तिमान एकमेकांसमोर आले, तर कथा पहिल्याच दिवशीं संपली! १९७६ सालीं ह्याच अमेरिकन खेळाची देव, उपदेव आणि वीर यांच्याविषयीं एक पुरवणी निघाली. ग्रीक, ईजिप्शियन व नॉर्स देवतांबरोबर भारतीय देवतांचेंही प्रकरण तींत होतें. प्रत्येक देवाचें बळ आंकड्यांत मांडलेलें होतें. नॉर्स देवांचा पिता ओडिन याची सहनशक्ति ३०० ठरविली होती. कित्येक ठिकाणीं खेळाडूंचे वीर बेसुमार बलाढ्य झाले होते. देवांचें माप पाहून त्यांनीं शरमावें, असा प्रस्तावनेचा रोख होता. परंतु आंकडा दिसला कीं तो शून्यावर आणण्याची इच्छा होते. देवांची यादी पुष्कळांनीं शिकारीची यादी म्हणूनच वाचली.

ह्या पेंचांतून सुटण्याचा मार्ग प्राचीन कवींस पूर्वींच सांपडला होता. महाभारतांतील कवचकुंडलांची कथा पहावी. अर्जुन हा इंद्राचा पुत्र, कर्ण हा सूर्याचा. वैर दोन देवांच्या मुलांचें. पण देव स्वतः शस्त्र घेऊन एकमेकांवर धांवत नाहींत. सूर्य कर्णाच्या स्वप्नांत येऊन त्यास सावध करतो, परंतु त्याचा दानाचा निश्चय मोडूं शकत नाहीं. इंद्र ब्राह्मणाच्या वेषानें येऊन कवचकुंडलें मागतो, आणि त्यांच्या बदल्यांत त्यास आपली अमोघ शक्ति द्यावी लागते. ती शक्ति एकदांच चालावयाची. आणि कर्णास ती घटोत्कचावर खर्चावी लागते. कृपेस मोल आहे, वरास मर्यादा आहे, आणि निर्णय मनुष्याच्या हातीं आहे. म्हणूनच कथेंत रस आहे.

चांगला चालक खेळ सुरू होण्यापूर्वींच हें सर्व लिहून ठेवतो. जो देव होऊं इच्छितो त्यानें आपल्या सत्तेचें क्षेत्र सांगावें, आणि त्याच कागदावर आपली उणीवही नोंदवावी. समुद्राच्या देवाचा अंमल किनाऱ्यापर्यंतच; पुढें त्यास माणसाची गरज लागते. वीरानेंही आपलें कुल, शस्त्र, व्रत आणि दोष सांगावेत. ज्यास दोष नाहीं असें पात्र चालकानें नम्रपणें परत करावें.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. खेळाडूनें आपल्या पात्राचा प्रयत्न लिहावा, दुसऱ्याच्या पात्राचा परिणाम लिहूं नये. 'त्यानें भाला फेंकला' हें त्याचें. 'भाला शत्रूच्या छातींत रुतला' हें त्याचें नव्हे. तें समोरच्यानें, फांशांनीं किंवा चालकानें ठरवावयाचें. आपलें पात्र अजिंक्य करून दुसऱ्याचा निकाल स्वतःच लावण्याच्या खोडीस खेळाडूंच्या भाषेंत 'गॉडमॉडिंग' म्हणतात. देव होण्याची हौस हाच देवांच्या खेळांतील मोठा अपराध ठरावा, यांत गंमत आहे आणि अर्थही आहे.

तिसरी गोष्ट ज्ञानाची. राजकन्येविरुद्धचा कट खेळाडूनें वाचलेला असतो, पण राजकन्येस तो ठाऊक नसतो. जें पात्रास कळलें नाहीं त्यावर पात्रानें वागूं नये. चौथी गोष्ट वेळेची. पुण्यास रात्र होते तेव्हां टोरोंटोस दिवस असतो. कोणाची परीक्षा असते, कोणाच्या घरीं आजारपण असतें. उत्तरासाठीं किती दिवस थांबावयाचें हें आधींच ठरलेलें असावें, म्हणजे एकाच्या मौनानें दहाजणांची कथा अडून राहत नाहीं, आणि कोणाच्या अनुपस्थितींत त्याच्या वीराचा वधही होत नाहीं.

इतकें करूनही भांडण होतें. पात्रांचें वैर खेळाडूंच्या मनांत उतरतें. अशा वेळीं चालकानें कथा क्षणभर थांबवून दोघांशीं वेगवेगळें बोलावें आणि निर्णयाचें कारण सर्वांस सांगावें. खरी कसोटी लागते ती त्याचें स्वतःचें किंवा त्याच्या मित्राचें पात्र रणांत असतांना. तेथें त्यानें निकाल दुसऱ्या पंचाकडे सोंपवावा. १९९७ सालीं सुरू झालेल्या 'अकेया' या केवळ शब्दांवर चालणाऱ्या खेळांत देवांच्या भूमिका चालकपक्षाकडील माणसें करतात, आणि खेळाडू त्या देवांच्या संप्रदायांत सामील होतात. अशा ठिकाणीं देवाची मर्जी व पंचाचा न्याय एकाच हातीं येतात, म्हणून संयमाची गरज अधिकच.

कारण ह्या जगांत सर्वांत बलवान् समुद्राचा देव नव्हे, युद्धाची देवीही नव्हे. एका ओळीनें वादळ आणणारा व एका ओळीनें वीरास उठविणारा तो चालक. त्यास अडविणारें कोणी नसतें. परंतु त्यानें एकदां पक्षपात केला कीं खेळाडू भांडतही नाहींत. ते एकेक करून लिहिणें थांबवितात, आणि देवळें, नगरें, रणांगणें जागच्या जागीं ओस पडतात. आपण घातलेला नियम आपल्यावरही चालतो, हें जो चालक रोजच्या वागणुकींतून दाखवितो, त्याच्याच देवांना भक्त मिळतात आणि त्याच्याच वीरांना मरतांनाही अन्याय झाला असें वाटत नाहीं.