आवाजाचे अंक

तंबोऱ्याची तार छेडली की तिचा नाद हळूहळू विरत जातो. कानाला तो सलग वाटतो. संगणकाला मात्र तो सलग साठवता येत नाही. ध्वनिलहरीची उंची ठरावीक अंतराने मोजावी आणि अंकांत लिहून ठेवावी, एवढेच त्याच्या हाती असते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा केलेली असते. अशा प्रत्येक मोजमापाला नमुना म्हणतात. तो किती बिटांत लिहिला आहे, यावर त्याचा बारकावा ठरतो.

डिस्कवरील नमुना १६ बिटांचा असतो. त्यामुळे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात. उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत. हा आकडा मोठा वाटतो खरा. पण तारेच्या कंपनाची उंची हजारांश झाली की शून्याच्या वर जेमतेम ३२ पायऱ्या उरतात. २४ बिटांत एकूण पायऱ्या १,६७,७७,२१६ होतात.

ऐकण्यापुरते १६ बिट बहुधा पुरेसे असतात. खरी अडचण संपादनाच्या वेळी येते. समजा, १२,३४५ हा नमुना हजारपट हलका केला, तर पूर्णांकात केवळ १२ उरतात. नंतर विचार बदलून तो पुन्हा हजारपट वाढवला, तर १२,००० मिळतात. वरचे ३४५ कायमचे गेले! याउलट, २०,००० आणि २५,००० हे दोन आवाजांचे नमुने मिसळले, तर ४५,००० ही बेरीज ३२,७६७ वर छाटली जाते. लहरीचे माथे सपाट होतात आणि आवाज फाटतो.

फ्लोटिंग पॉइंट पद्धतीत असे होत नाही. १९८५ साली प्रमाणित झालेल्या या पद्धतीत ३२ पैकी १ बिट चिन्हाला, ८ घातांकाला आणि २३ अंकाच्या तपशिलाला दिलेले असतात. आवाज लहानमोठा केला तरी बदलतो तो मुख्यतः घातांक; तपशील शाबूत राहतो. २००० साली प्रसिद्ध झालेली ऑडॅसिटी ही विनामूल्य संगणकप्रणाली मुळातच ही पद्धत वापरते, ते याच कारणाने.

मात्र ही पद्धत म्हणजे जादू नव्हे. मायक्रोफोनकडून आलेल्या विद्युत्‌लहरीचे अंकांत रूपांतर होतानाच तिचे माथे छाटले गेले असतील, तर ते पुढे कोणत्याही पद्धतीने परत येत नाहीत. म्हणून ध्वनिमुद्रण २४ बिटांत आणि आवाजाची पातळी थोडी खाली ठेवून करणे शहाणपणाचे. जुन्या ध्वनिफितींच्या बाबतीत तर हयगय परवडतच नाही. फीत झिजत जाते आणि दुसरी संधी मिळेलच असे नाही.

सोळा बिटांत रूपांतर करायचे ते सर्व काम आटोपल्यावर, एकदाच. त्या वेळी आकडे पूर्णांकात आणण्यापूर्वी त्यांत अतिशय क्षीण, अनियमित खरखर मिसळतात. तिला डिदर म्हणतात. स्वच्छ आवाजात मुद्दाम खरखर घालणे विचित्र वाटेल. पण तिच्यावाचून विरत्या नादाच्या अखेरच्या पायऱ्या खडबडीत होऊन अचानक तुटतात. डिदर असेल, तर तंबोऱ्याचा नाद त्या मंद खरखरीत अलगद विरून जातो.