ग्रीष्मचर्या आणि बालकांची जलक्रीडा

चैत्र सरत आला की आमच्याकडे येणाऱ्या मातापित्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. मूल दिवसभर पाण्यात खेळण्याचा हट्ट धरते; त्यास खेळू द्यावे की नाही? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचे उत्तर देताना देश, ऋतू आणि वय या तिन्हींचा विचार करावा लागतो.

प्रथम देशाचा. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे समुद्रापासून आतल्या बाजूस आहेत. मुंबईस दुपारनंतर लाभणारा खारा वारा येथे पोहोचेपर्यंत क्षीण होतो. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरच्या बाजूस पारा चाळिशी ओलांडतो, आणि कोकणपट्टीचा दमटपणा मात्र सुटत नाही. घाम येतो, पण वाळत नाही. आणि शरीर निवते ते घाम वाळण्यानेच. बालकाचे वजन कमी, त्या मानाने त्वचेचे क्षेत्र मोठे, शिवाय घामही प्रौढाहून कमी. म्हणून ते लवकर तापते. त्यातही उल्हासनगरची वस्ती मूळच्या लष्करी छावणीतील. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी तेथील बराकींत संसार थाटले आणि १९४९ मध्ये छावणीस आजचे नाव मिळाले. आज कॅम्प क्रमांक १ ते ५ या दाट वस्तीत परसदार शोधावे लागते. बदलापूरच्या जुन्या गावठाणात काही घरांस अंगण उरले आहे. इतरांसाठी अंगण म्हणजे सज्जा, गच्ची किंवा मोरी. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या मुलास तर दुपारी सावलीतही गारवा मिळत नाही.

आता ऋतूचा विचार. ‘उन्हाळ्यात पित्त वाढते, म्हणून थंड पाणी’ असे सर्रास बोलले जाते. शास्त्रदृष्ट्या ग्रीष्मात संचय होतो तो वाताचा. पित्ताचा संचय वर्षा ऋतूत होतो. आदानकालाच्या या शेवटच्या टप्प्यात सूर्य स्नेह शोषून घेतो, रूक्षता वाढते, बल सर्वांत कमी असते. यासाठीच चरकाचार्यांनी मधुर, शीत, द्रव आणि स्निग्ध आहार सांगितला, तर वाग्भटाचार्यांनी ग्रीष्मचर्येत धारागृहाचाही उल्लेख केला. म्हणजे पाण्याचा सहवास या ऋतूस संमतच आहे. मात्र बाल्यावस्था ही कफप्रधान. ऋतू वातसंचयाचा आणि वय कफाचे, अशा या जोडीमुळे मात्रा महत्त्वाची ठरते. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ बालकास निववितो. तासभर ओल्या अंगाने राहिलेले मूल आठवड्याभरात सर्दी-खोकला घेऊन आमच्याकडे येते. खेळापूर्वी अंगास खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा, म्हणजे रूक्षता येत नाही. खेळ आटोपताच अंग कोरडे करून सुती झबले घालावे. घामोळ्यांवर पावडरीचे थर देण्याची सवय मातांनी सोडावी; ती घामात भिजून गोळा होते आणि मानेच्या घड्या चरचरतात.

वेळ सकाळी दहापूर्वीची किंवा सायंकाळी पाचनंतरची, आणि जागा सावलीची. येथे एका गोष्टीवर आम्ही विशेष भर देऊ इच्छितो. उन्हातून आलेल्या मुलास लगेच पाण्यात सोडू नये. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या आरंभी नेत्ररोगांची कारणे सांगताना, उष्णतेने तापलेल्याने एकदम पाण्यात शिरणे हे पहिल्या कारणांत गणले आहे. अर्धा घटका सावलीत बसवावे, घाम टिपावा, हातपाय-तोंड धुवावे आणि मग खेळास सोडावे. फ्रीजचे पाणी किंवा बर्फ मिसळू नये. उलट, गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी चांगलेच कढत असते आणि उन्हात पडलेल्या नळीतून निघणारी पहिली धार पोळते. कोपर बुडवून पाणी पाहिल्याखेरीज मूल त्यात बसवू नये.

पाणी कोणते, हा प्रश्न या भागात दुर्लक्षून चालणार नाही. खेळता खेळता मूल पाणी गिळतेच. त्यामुळे टँकरचे अथवा खात्री नसलेल्या कूपनलिकेचे पाणी घेऊ नये. मोठ्या मुलांना नदीवर नेण्याचा मोह पालकांनी आवरावा. अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, तिच्यात आज सांडपाणी आणि रसायने वाहतात. पावित्र्याची आठवण राहिली, पाणी राहिले नाही. उल्हास नदीचे पात्र वरून शांत दिसले तरी त्यातील डोह फसवे आहेत.

सर्वांत मोठा धोका मात्र घरातच असतो. पाणी ठरावीक वेळी येते, उन्हाळ्यात कपात होते, म्हणून घरोघरी पिंपे आणि बादल्या भरून ठेवलेल्या असतात. पाण्याची गोडी लागलेले दीड-दोन वर्षांचे मूल बादलीत डोकावते. त्याचे डोके जड, हातांत बळ नाही. पालथे पडले की स्वतःस बाहेर काढता येत नाही. चार बोटे पाणीही बुडण्यास पुरते, आणि बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. म्हणून खेळासाठी पसरट घमेले किंवा परात घ्यावी, पाणी दोन बोटे उंचीपेक्षा अधिक भरू नये आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर बसलेले असावे. भ्रमणध्वनी वाजला तर मुलास उचलूनच आत जावे. पिंपांना घट्ट झाकणे हवीत. त्याने डासांचीही सोय बंद होते. डेंग्यू पसरविणारा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिती करून घासून कोरडी करावीत.

सहा महिन्यांच्या आतील क्षीरप बालकास ही क्रीडा नको. त्याचे अंग ओल्या सुती फडक्याने पुसावे आणि स्तन्य वारंवार द्यावे. वरचे पाणी पाजू नये. ज्वर, अतिसार, कर्णस्राव किंवा तमक श्वास असलेल्या मुलासही खेळू देऊ नये. खेळानंतर मोठ्या मुलांना माठातील वाळ्याचे पाणी, कैरीचे पन्हे किंवा कोकमाचे सरबत द्यावे.

तापलेले मूल सुस्त झाले, बरळू लागले, त्याला झटका आला किंवा ओकाऱ्या थांबेनात, तर तो खेळाचा विषय राहिला नाही. वैद्यबंधूंनीही तेथे काढ्याची वाट पाहू नये. कपडे काढून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा, बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंग ओले ठेवणे चालू ठेवावे.

घमेल्यात उरलेले पाणी तुळशीस किंवा अंगणातील आंब्यास घालावे. साबण नसल्याने ते झाडांस अपायकारक नाही, आणि कपातीच्या दिवसांत शेजाऱ्यांची कुरबुरही ऐकावी लागत नाही.