भुलीची वाफ आणि उच्च रक्तदाबाचे हृदय
सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन ही श्वासावाटे दिली जाणारी भुलीची औषधे हृदयाच्या स्नायूपेशींत शिरणारे कॅल्शियम कमी करतात, त्यामुळे आकुंचनाचा जोर घटतो. १९५६ मध्ये वापरात आलेल्या हॅलोथेनचा हा परिणाम ठळक होता. नव्या औषधांनी रक्तदाब उतरतो तो मुख्यतः रक्तवाहिन्या सैलावल्याने.

उच्च रक्तदाबाच्या रुग्णात मामला नाजूक असतो. वर्षानुवर्षे चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाच्या डाव्या निलयाची भिंत जाड, ताठर झालेली असते. ती चटकन सैल पडत नाही. त्यामुळे निलय भरायला अलिंदाचा, म्हणजे वरच्या कप्प्याचा, शेवटचा रेटाही मोलाचा ठरतो. श्वासनळीत नळी घालताना मॉनिटरवरचा रक्तदाबाचा वरचा आकडा १५० वरून १९० पार जाऊ शकतो आणि काही मिनिटांत, छेद घेण्याआधीच, शंभराखाली येऊ शकतो. ही घसरण खरी धोक्याची, कारण अशा रुग्णाचा मेंदू आणि मूत्रपिंडे चढ्या दाबाला सरावलेली असतात. निरोगी माणसाला चालणारा आकडा त्यांना अपुरा पडतो.

याच गटातल्या डेसफ्लुरेनचे प्रमाण एकदम वाढवले, तर उलट नाडी आणि दाब दोन्ही उसळतात. म्हणून भूलतज्ज्ञ वाफेचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि दाब रुग्णाच्या नेहमीच्या पातळीच्या साधारण २० टक्क्यांच्या आत राखायला बघतात.