पर्वती, चार वर्षांच्या पावलांनी

पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या नेमाने चढणाऱ्या माणसाची एक लय ठरून गेलेली असते. श्वास बांधलेला, नजर चार पायऱ्या पुढे, वर पोचेपर्यंत थांबायचं नाही. त्या लयीत चार वर्षांचं मूल बसत नाही. माझी लेक सात-आठ पायऱ्या धावत चढते, मग उकिडवी बसून मुंग्यांची रांग बघते आणि मी ‘चल’ म्हणायच्या आत पुन्हा उधळते. हा हट्टीपणा नव्हे. या वयाच्या मुलांची हालचालच अशी असते: काही सेकंदांची उसळी, थोडा थांबा, परत उसळी. एकाच संथ गतीनं अर्धा तास चालत राहणं हा मोठ्यांचा व्यायाम आहे. तो मुलांवर लादला की ‘उचलून घे’ सुरू होतं.

म्हणून आमच्याकडे रविवारी सकाळी पुढारी ती असते. ती करेल ते मी करायचं. तिनं बेडूक म्हटलं की दोन्ही पाय जोडून एकेक पायरी उडी. इथल्या दगडी पायऱ्या रुंद आणि उंचीला बेताच्या, त्यामुळे तिला हे जमतं. पण खरा कस माझा लागतो. खाली बसून उडी, पुन्हा बसून उडी असं थोडा वेळ केलं तरी मांड्या पेटतात. सपाट जागा आली की खेकडा: हातपाय जमिनीवर, पोट आभाळाकडे आणि चाल तिरपी. खांदे, दंड, पोट, सगळं एकदम कामाला लागतं. व्यायामशाळेत हेच कुणी सांगितलं असतं तर मी तिसऱ्या फेरीला घड्याळ पाहिलं असतं. इथे समोरून ‘आई, तुझं ढुंगण टेकलं!’ अशी आरोळी येते आणि मी ते उचलते.

सगळ्यात जास्त चालतो तो डोंगर का पाणी. पायरी म्हणजे डोंगर, सपाट जागा म्हणजे पाणी, आणि राज्य बहुतेक वेळा माझ्यावर. यात मी मुद्दाम हरत नाही आणि तिला कच्चं लिंबूही करत नाही. कच्च्या लिंबाला कुणी आऊट करत नाही, म्हणून त्याला पळायचं कारणही उरत नाही. त्यापेक्षा मी स्वतःवर बंधन घालून घेते. ती धावणार, मी लंगडी घालणार. मग पाठलाग बरोबरीचा होतो आणि दोघींची धाप एकाच वेळी लागते. अंतर जुळवण्याची ही युक्ती मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे आईचाही व्यायाम खराखुरा होतो.

वर गेलो की फुगडी. इथे मात्र काळजी हवी. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मनगटाला धरून हिसका दिला किंवा हातांनी लोंबकळवून गरगर फिरवलं, तर कोपरातलं हाड आपल्या जागेवरून सरकू शकतं. आई एकीकडे, बाबा दुसरीकडे आणि मधे मुलाचा झोका हा लाडका प्रकारही त्यातलाच. मूल उचलायचं ते काखेत हात घालून. फुगडी आम्ही दंड धरून, सावकाश घालतो. तिचे पाय जमिनीवर, माझे गुडघे वाकलेले, आणि मागे झुकणं अगदी नावापुरतं.

उतरताना दम लागत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. पण उतरणीवर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालतात, आणि दुसऱ्या दिवशी जे दुखतं ते बहुधा या उतरण्यानं. लहान मुलांना चढताना एकाआड एक पाऊल टाकणं आधी जमतं, उतरताना नंतर. म्हणून मी तिच्या एक पायरी खाली, तोंड तिच्याकडे करून उतरते. वरून हात धरून ओढत नाही.

जागतिक आरोग्य संघटना ३-४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल सांगते, त्यातली ६० मिनिटं दमवणारी. मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. मुलांचा आकडा पाहून नोकरी करणारे आईबाप हबकतात. पण तो सलग भरायचा नाही. भाजी आणायला चालत जाणं, गाद्यांवरच्या कोलांट्या, बादलीभर कपडे दोघांनी मिळून गच्चीवर नेणं, हे सगळं त्यात धरायचं.

पावसाळ्यात दगड निसरडे होतात, तेव्हा पर्वती बंद. मग आमच्या इमारतीचा जिना. परवा तिनं तिथे नवा नियम काढला: प्रत्येक मजल्यावर वेगळा प्राणी, आणि शेजारचे आजोबा दारात असतील तर त्यांनी सांगितलेला. आजोबांनी हत्ती सांगितला. आता तेही आमच्याबरोबर एक मजला चढतात, एका हातानं कठडा धरून आणि दुसऱ्याची सोंड करून.