कानाची साक्ष आणि यंत्राचे माप

हेडफोनच्या परीक्षणांत ‘आवाज उबदार आहे’, ‘खर्ज भारदस्त आहे’, ‘वाद्ये सुटी सुटी ऐकू येतात’ अशी विधाने सर्रास आढळतात. ती करणारा खोटे लिहितो असे नव्हे, परंतु त्याच्या अनुभवात प्रत्यक्ष ध्वनीचा वाटा किती आणि किंमत, कंपनीचे नाव व अपेक्षा यांचा किती, हे त्या विधानांवरून कळत नाही. भिलाईच्या हुडको वसाहतीत बसून, कानाला लावून न पाहताच महागडा हेडफोन घरपोच मागवणाऱ्या ग्राहकाची मात्र सारी भिस्त या शब्दांवरच असते.

कान श्रेष्ठ की माप, हा वाद मराठी मुलखाला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा आधार घेऊन 22 श्रुतींची, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांची, कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, गणिताने निश्चित करण्याचा प्रयत्न केला आणि 1910 मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला, पुढे ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुति-हार्मोनियमही तयार झाला. संगीतशास्त्रकार पंडित भातखंड्यांना ही मांडणी मान्य नव्हती, आणि 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झडला. नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत तर एकाच रागातला एकच स्वर कलावंतागणिक, इतकेच नव्हे तर एकाच मैफलीतही, बदलताना आढळला. देवलांची चिकाटी आदरास पात्र आहे. उणीव होती ती एवढीच, की 22 हा आकडा मोजणीपूर्वीच ठरलेला होता. अपेक्षा केवळ कानालाच फसवते असे नाही, ती मापनातही शिरते.

हेडफोनचे मापन कृत्रिम कानावर, म्हणजे कर्णनलिकेची नक्कल करणाऱ्या व आत मायक्रोफोन बसवलेल्या उपकरणावर करतात आणि कोणत्या कंप्रतेला किती ध्वनी मिळतो याचा आलेख काढतात. येथे एक अडचण उभी राहते. माणसाची कर्णनलिका स्वतःच 3000 हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी उंचावत असल्यामुळे, अशा उपकरणावर सरळ रेषेत दिसणारा हेडफोन ऐकताना दबका वाटतो. म्हणून चांगला आलेख कोणता, हे अखेर माणसांनाच विचारावे लागते. ध्वनी-उपकरणे बनवणाऱ्या हरमन कंपनीतील शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी व सहकाऱ्यांनी 2012 नंतर नेमके हेच केले आणि अनेक श्रोत्यांच्या पसंतीवरून एक आदर्श वक्ररेषा निश्चित केली. ही पसंती नोंदवताना हेडफोनचे वजन व गादीचा स्पर्श ओळखू येऊ नये म्हणून निरनिराळ्या हेडफोनांचे ध्वनिगुण एकाच हेडफोनमधून ऐकवण्याची युक्तीही त्यांनी योजली. तेव्हा विज्ञान कानाला हद्दपार करते हा समज निराधार आहे. ते कानाकडून काही अटींवर साक्ष घेते, इतकेच.

पहिली अट नाव झाकण्याची. फ्लॉइड टूल आणि ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये ध्वनिवर्धकांवर केलेल्या प्रयोगात, समोर काय वाजत आहे हे दिसताच श्रोत्यांनी दिलेले गुण बदलले. दुसरी अट आवाजाची पातळी समान राखण्याची, कारण किंचित मोठा आवाज ‘अधिक स्पष्ट’ म्हणून पसंत पडतो आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तिसरी पुनरावृत्तीची: दोन उपकरणांतला फरक 16 वेळा ओळखायला सांगितला आणि 12 उत्तरे बरोबर आली, तर केवळ अंदाजाने तसे घडण्याची शक्यता सुमारे 4 टक्के उरते, 9 बरोबर उत्तरांवरून मात्र काहीच सिद्ध होत नाही.

प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी असल्याने मापनालाही मर्यादा आहे. हेडफोन डोक्याला कितपत रुततो, हे तर आलेख सांगूच शकत नाही. तिथे परीक्षकाचा अनुभव मोलाचा ठरतो. परंतु ध्वनीच्या बाबतीत किमतीवर विसंबता येत नाही: 2017 मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी 283 हेडफोनांच्या मापनांची किमतींशी तुलना केली, तेव्हा कंप्रतेनुसार मिळणाऱ्या प्रतिसादाचा आणि किमतीचा संबंध आढळला नाही. म्हणून वाचकांनी परीक्षणात आलेख आहे का, आवाजाची पातळी समान केली होती का आणि ऐकणाऱ्याला नाव ठाऊक होते का, हे आधी पाहावे, आणि यांपैकी काहीच नसेल तर त्या शब्दांच्या भरवशावर पैसे खर्च करू नयेत.