रंगवलेला मेंदू आणि सरासरीचा माणूस

मेलेल्या सामन माशाला माणसांची छायाचित्रे दाखवून त्यांच्या मनात कोणती भावना असावी, असा प्रश्न अमेरिकेतील काही संशोधकांनी एकदा विचारला होता. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मेंदूचे चित्रण करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या परिषदेत हा प्रयोग मांडला, तेव्हा त्यात थट्टेचा अंश होता हे उघड आहे. परंतु प्रयोग खोटा नव्हता. मासा फंक्शनल एमआरआय यंत्रात ठेवण्यात आला, माणसांवरील प्रयोगात पाळले जाणारे सारे सोपस्कार यथासांग पार पडले आणि हाती आलेली आकडेवारी त्या काळी अनेकजण वापरीत असलेल्या सैल कसोटीला लावण्यात आली. मृत माशाच्या मेंदूतील एक लहानसा भाग ‘उद्दीपित’ झालेला दिसला! कसोटी योग्य तेवढी कडक करताच तो ठिपका नाहीसा झाला.

वर्तमानपत्रांतून आणि नियतकालिकांतून प्रेमाचा, लोभाचा वा भीतीचा मेंदू म्हणून लाल-पिवळ्या ठिपक्यांची जी चित्रे छापली जातात, त्यांच्याकडे पाहताना या माशाची आठवण ठेवावयास हवी. ती चित्रे छायाचित्रे नव्हेत. प्राणवायूने समृद्ध असलेले रक्त आणि प्राणवायू खर्ची पडलेले रक्त यांचे चुंबकीय गुणधर्म किंचित भिन्न असतात, हे ध्यानात घेऊन सेइजी ओगावा यांनी १९९० साली या पद्धतीचा पाया घातला. १९९२ पासून ती माणसांवर वापरली जाऊ लागली. यंत्र विचार मोजीत नाही. विचारामागून काही सेकंदांनी रक्तप्रवाहात होणारा फरक ते मोजते, आणि हा फरकही बहुधा शेकडा एक-दोन इतकाच असतो. मेंदूचे हजारो, कधी लाखाच्या घरात जाणारे, चिमुकले घन कल्पून प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा घेतली जाते. एक लाख विद्यार्थ्यांनी डोळे मिटून पर्यायांवर खुणा केल्या तरी काहींना उत्तम गुण मिळणारच. नेमके तेवढेच विद्यार्थी निवडून त्यांचा गुणवंत म्हणून सत्कार करावा, तसा प्रकार माशाच्या बाबतीत घडला होता.

ही चूक समजण्यास सोपी, म्हणून ती गाजली. दुसरी चूक अधिक खोल आहे. सहा किंवा दहा माणसांची प्रत्येकी काही शे चित्रे घ्यावयाची, सर्व एकत्र करावयाची आणि निष्कर्ष मात्र ‘मानवी मेंदू’विषयी काढावयाचा, अशी रीत १९९० नंतरच्या दशकात रूढ होती. दहा विद्यार्थ्यांच्या प्रत्येकी दोनशे उत्तरांना दोन हजार विद्यार्थ्यांची उत्तरे म्हणण्यासारखेच हे झाले. परीक्षक कितीही काटेकोर असला तरी त्याला कळते ते त्या दहा जणांविषयी. शाळेतील इतरांविषयी नव्हे. होम्स आणि फ्रिस्टन यांनी १९९८ साली हा भेद स्पष्ट केला. एका माणसाच्या मोजमापांत एकमेकांपासून पडणारा फरक निराळा आणि माणसामाणसांतील फरक निराळा. समाजाविषयी बोलावयाचे असेल तर दुसरा फरक हिशेबात धरलाच पाहिजे.

पहिला फरकही दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्या वेळी टेक्सास विद्यापीठात असलेले रसेल पोल्ड्रॅक यांनी दीड वर्षात शंभराहून अधिक वेळा स्वतःच्या मेंदूचे चित्रण करवून घेतले. मंगळवारी ते रिकाम्या पोटी आणि कॉफीविना यंत्रात शिरत, गुरुवारी न्याहारी व कॉफी घेऊन. मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधील संबंधांत या दोन दिवसांचा भेद स्पष्ट उमटला. माणूस तोच, यंत्र तेच. बदल एवढाच की सकाळी पोटात काही पडले होते. रुग्णांचा गट उपाशी आणि निरोगी माणसांचा गट चहा घेऊन आला, तर दोहोंतील फरक रोगाचा की चहाचा, हे कोण सांगणार?

२०१६ साली एक्लुंड, निकोल्स आणि क्नुट्सन यांनी ४९९ निरोगी माणसांची, ती स्वस्थ पडून असतानाची चित्रणे घेतली आणि यदृच्छया गट पाडून त्यांची लक्षावधी वेळा तुलना केली. या गटांत कोणताही खरा भेद असण्याचे कारण नव्हते. शंभरात पाच वेळा चुकीचा भेद दिसणे अपेक्षित असताना, जगभर वापरल्या जाणाऱ्या गणकप्रणालींतील काही पद्धतींनी तो शंभरात सत्तर वेळांपर्यंत दाखवला. २०२० साली एलियट प्रभृतींनी ९० प्रयोगांचा आढावा घेऊन पाहिले, की तेच कार्य देऊन त्याच माणसाचे पुन्हा चित्रण केले तर दोन मोजमापे कितपत जुळतात. संपूर्ण मेळ असता तर जो आकडा १ आला असता, तो ०.४ च्या आसपास आला. आणि २०२२ साली सुमारे ५०,००० माणसांच्या चित्रणांवरून असे दिसून आले, की बुद्धी वा मनोविकार यांचा मेंदूच्या रचनेशी वा कार्याशी संबंध खात्रीने जोडावयाचा तर हजारो माणसे लागतात. अशा अभ्यासांतील नेहमीची संख्या होती पंचवीसच्या जवळपास.

ही शास्त्रशाखाच थोतांड आहे, असा अर्थ कोणी काढू नये. या सर्व चुका याच शाखेतील माणसांनी शोधल्या, आणि इतरांनी आपली आकडेवारी खुली केली म्हणूनच त्या शोधता आल्या. प्रश्न निर्माण होतो तो गटाच्या सरासरीवरून एका माणसाचा न्याय केला जातो तेव्हा. एका शाळेची सरासरी दुसरीपेक्षा दोन गुणांनी अधिक असली म्हणून समोरचा विद्यार्थी कोणत्या शाळेचा, हे त्याच्या गुणपत्रिकेवरून ठरवता येत नाही.

तरीही तसे ठरवले गेले आहे, आणि तेही महाराष्ट्रात. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात मेंदूतील विद्युत्-स्पंदनांच्या चाचणीचा अहवाल आरोपीविरुद्धच्या पुराव्यात धरला. ती चाचणी चित्रणाची नव्हती. डोक्याला विद्युत्-अग्रे लावून, गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवून, त्या घटनेचा ‘अनुभव’ मेंदूत आहे की नाही हे गणकयंत्राने सांगावयाचे, असे तिचे स्वरूप होते. मात्र आकड्यांचा प्रश्न तोच. किती माणसांवर ती पडताळली, आणि तीच व्यक्ती दुसऱ्या दिवशी बसवली तर उत्तर तेच येते काय?

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात अशा चाचण्यांची सक्ती घटनाबाह्य ठरवली. निकालाचा मुख्य आधार होता तो स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ न देणारा अनुच्छेद २०(३). संमतीने चाचणी झाली तरी तिचा निष्कर्ष हा पुरावा होत नाही. तिच्या साहाय्याने पुढे हाती लागलेली माहिती मात्र ग्राह्य धरता येते. त्यामुळे संमती घेऊन चाचण्या आजही होतात. संमती देणाऱ्यास चाचणीचे शारीरिक, भावनिक आणि कायदेशीर परिणाम समजावून सांगावेत, असे त्या निकालातील मार्गदर्शक सूत्र आहे. चाचणी शंभरात किती वेळा चुकते, हे त्याला सांगण्याचा उल्लेख त्यात नाही.